काचेजवळचा कण कुणीकडे जातो? खानापूरची माती, तीन बॅटऱ्या आणि शाळेतला मायक्रोस्कोप

"मामा, हे उलटं चाललंय की!"

भाचा मायक्रोस्कोपवर वाकला होता. स्लाइडवर खानापूरच्या कुंभारमातीचं गढूळ पाणी, दोन्ही टोकांना पेन्सिलीचं शिसं, त्याला जोडलेल्या तीन बॅटऱ्या. मातीचे कण पाण्यात ऋण प्रभार धरतात हे त्यानं वाचलेलं होतं, म्हणजे ते धन टोकाकडे जायला हवेत. त्याला दिसणारे कण मात्र सरळ ऋण टोकाकडे निघाले होते. तारा चुकल्यात का म्हणून त्यानं दोनदा बघितलं. तारा बरोबर होत्या. मग मी त्याला बारीक फोकसचं चाक हळूच फिरवायला सांगितलं. खालच्या काचेजवळचे कण पुसट झाले, मधल्या थरातले दिसायला लागले, आणि ते धन टोकाकडे पळत होते. तेही आधीच्या दुप्पट वेगानं.

माती तीच, पाणी तेच, बॅटरी तीच, आणि केसाच्या जाडीएवढ्या अंतरात दिशा उलटी. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विद्युत क्षेत्रात कणांचं सरकणं, या नावाच्या धड्यातली निम्मी अडचण संपते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची आमची मुलं दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि अकरावीला एकदम इंग्रजीत जातात. तिथं हा विषय सूत्र म्हणून येतो आणि सूत्र म्हणूनच विसरला जातो. हा प्रयोग पाचशे-हजार रुपयांत घरी होतो, मायक्रोस्कोप तेवढा शाळा-कॉलेजकडून मागून घ्यावा लागतो. तो कसा करायचा, कुठं चुकतो, आणि आलेल्या आकड्यांतून खरं काय काढायचं, ते सगळं इथं लिहितो आहे.

आधी समज: कणाला नक्की कोण ओढतं?

बहुतेकांच्या डोक्यात चित्र असं असतं: कणावर ऋण प्रभार आहे, धन टोक त्याला ओढतं, पाणी विरोध करतं, कण सरकतो. हे चित्र अपुरं आहे, आणि पुढचे सगळे घोळ त्यातूनच होतात.

मातीचा कण पाण्यात गेला की त्याच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार असतो, पण लगेच भोवती पाण्यातल्या धन आयनांची गर्दी जमते. ही गर्दी कणाला घट्ट चिकटून बसत नाही. डोंगराभोवती धुकं असावं तशी ती जवळ दाट आणि बाहेर विरळ होत जाते. कण आणि त्याचं धुकं मिळून एकूण प्रभार शून्य भरतो. मग बाहेरून विद्युत क्षेत्र लावलं तर या जोडीवर एकूण जोर किती? शून्य. तरीही कण चालतो.

तो चालतो तो असा. क्षेत्र धुक्यातल्या धन आयनांना ऋण टोकाकडे ओढतं. ते जाताना कणाच्या अंगालगतचं पाणी सोबत नेतात. पाणी अंगावरून मागे सरकलं की कण पुढे जातो. होडीत बसून वल्हं मारावं आणि पाणी मागे, होडी पुढे व्हावी, तसं.

आता ती होडी खुंटाला बांधलेली आहे असं समजा. वल्हं मारलं तर होडी जागची हलणार नाही, पाणीच मागे जात राहील. काचेचं नेमकं हेच होतं. काचसुद्धा पाण्यात ऋण प्रभार धरते, तिच्याभोवतीही धन आयनांचं धुकं असतं. पण काच स्लाइड म्हणून टेबलावर बसलेली आहे, ती कुठं जाणार? म्हणून तिच्यालगतचं पाणीच ऋण टोकाकडे वाहायला लागतं. कण हलतो त्याला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात, भिंत जागेवर राहून पाणी हलतं त्याला इलेक्ट्रोऑस्मोसिस. घटना एकच, फरक कोण बांधलेलं आहे एवढाच.

हे दोन्ही एकाच प्रयोगात पहिल्यांदा दिसले तेही मातीतच. १८०७ साली मॉस्कोत फर्डिनांड रॉइस यांनी ओल्या मातीत दोन काचनळ्या रोवल्या, त्यात पाणी भरलं आणि व्होल्टाच्या बॅटरीला जोडल्या. धन टोकाच्या नळीत माती वर येऊन पाणी गढूळ झालं, ऋण टोकाच्या नळीत पाण्याची पातळी चढली. खानापुरात कुंभारकाम आणि कौलांची माती पिढ्यान्‌पिढ्या मळली जाते, ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्थाही तिथं आहे. त्याच मातीची चिमूट घेऊन रॉइस यांचा प्रयोग पुन्हा करताना मला दर वेळी मनापासून आनंद होतो.

धुक्याची जाडी पाण्यातल्या मिठावर ठरते. लिटरला ५८ मिलिग्रॅम मीठ असेल तर ती साधारण १० नॅनोमीटर असते. मीठ शंभर पट वाढवलं तर जाडी दहा पट घटून १ नॅनोमीटरवर येते. प्रयोगात आपण वापरणार तो कण पाऊण मायक्रोमीटरचा, म्हणजे ७५० नॅनोमीटर. धुकं त्याच्यापुढे सालीसारखं पातळ. अशा वेळी स्मोलुखोव्स्की यांचा १९०३ सालचा नियम लागू होतो: वेग हा क्षेत्राच्या आणि झीटा विभवाच्या (इंग्रजीत झीटा पोटेन्शियल) सम प्रमाणात असतो, कणाच्या आकारमानावर अवलंबून नसतो. झीटा विभव म्हणजे, ढोबळ मानानं, पृष्ठभागालगत जिथं पाणी सरकायला सुरुवात होते तिथलं विभव. २५ अंशांच्या पाण्यासाठी हिशेब तोंडपाठ ठेवण्यासारखा आहे. दर सेंटिमीटरला १ व्होल्ट क्षेत्र असताना कण सेकंदाला १ मायक्रोमीटर गेला, तर झीटा विभव १२.८ मिलिव्होल्ट.

भिंतीजवळ आल्यावर कण अडखळत असेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. नुसत्या वजनानं किंवा धक्क्यानं जाणारा कण खरंच अडखळतो. त्याचं केंद्र काचेपासून एक व्यासावर असेल आणि तो काचेला समांतर जात असेल, तर त्याचा वेग पाव हिश्शाहून जास्त घटतो. क्षेत्रामुळे चालणारा कण त्याच अंतरावर एक टक्काही मंदावत नाही. कारण वर सांगितलं तेच: जोडीवर एकूण जोर शून्य. ओढलेला कण दूरपर्यंतचं पाणी ढवळतो, स्वतःच्या सालीवरून घसरणारा कण फक्त जवळचं. दुप्पट अंतरावर त्याचं ढवळणं आठव्या हिश्शावर येतं. त्यामुळे काचेजवळ कणाचा वेग बदललेला दिसला तर दोष कणाच्या अडखळण्याला देऊ नका. तो बदल जवळजवळ सगळा वाहत्या पाण्याचा असतो.

सामान

साध्या काचेच्या स्लाइड, २२ मिमीच्या चौकोनी कव्हरस्लिप (स्लाइडवर झाकायच्या पातळ काचा), पातळ पारदर्शक दुतर्फी चिकटपट्टी (फोमची जाड नको), गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला मिळतं ते डिस्टिल्ड पाणी, ९ व्होल्टच्या तीन चौकोनी बॅटऱ्या, मगरचिमटे, विजेची दिशा बदलायला डीपीडीटी स्विच (दोन्ही तारा एकदम उलटवणारा), ०.९ मिमीचं पेन्सिलीचं शिसं, ड्रॉपर, मल्टिमीटर. किराणा दुकानातून चायना ग्रास. मायक्रोस्कोपला १० आणि ४० पटीची भिंगं हवीत.

तांब्याची तार थेट पाण्यात घालायचा मोह टाळा. धन टोकाचं तांबं विरघळतं, त्याचे आयन मातीच्या कणांवर बसतात आणि प्रभारच बदलतो. घरातली वीज तर या प्रयोगात कुठंही आणायची नाही. चार्जरमार्फतसुद्धा नाही, बॅटरीच.

मातीचं पाणी

हा टप्पा दोन दिवसांचा आहे आणि त्यात घाई चालत नाही. आधी मिठाचं पाणी करून ठेवा: एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात साधारण ६ ग्रॅम मीठ. यातलं १० मिली काढून पुन्हा एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात मिसळा. हे दुसरं पाणी आपलं. नुसतं डिस्टिल्ड पाणी वापरलं तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनंही त्याची वाहकता बदलत राहते. थोडं मीठ असलं की आकडे स्थिर येतात.

उंच बाटलीत हे पाणी घेऊन त्यात चमचाभर कुंभारमाती टाका, पाच मिनिटं जोरात हलवा आणि बाटली न हलणाऱ्या जागी ठेवून द्या. आठ तासांत वरच्या १० सेमी पाण्यातून २ मायक्रोमीटरपेक्षा मोठे कण खाली बसतात. पूर्ण दोन दिवस थांबलात तर पाऊण मायक्रोमीटरच्या आसपासचे आणि त्याहून लहान तेवढे उरतात. आपल्याला हेच हवेत, कारण स्लाइड आणि कव्हरस्लिप यांच्यामधल्या ०.१ मिमी उंचीच्या फटीत, म्हणजे आपल्या पेटीत, २ मायक्रोमीटरचा कण अर्ध्या मिनिटात तळ गाठतो. मग मधल्या थरात बघायला काही शिल्लकच राहत नाही. बाटली न ढवळता वरचं पाणी ड्रॉपरनं काढा. ते ताकाच्या निवळीसारखं किंचित धुरकट दिसलं पाहिजे. त्याहून दाट असेल तर आणखी मिठाचं पाणी घालून पातळ करा.

बोअरचं पाणी वापरू नका. त्यातल्या कॅल्शियममुळे माती तासाभरात गुठळ्या धरून बसते. एका बाटलीत बोअरचं आणि एकीत डिस्टिल्ड पाणी घेऊन दोन्हीत तीच माती टाकून बघा. तो स्वतंत्र प्रयोग आहे आणि वर्गात दाखवायला फार छान आहे.

पेटी बांधणं

स्लाइड आणि कव्हरस्लिप साबणानं धुवा, डिस्टिल्ड पाण्यानं तीनदा खळबळा, कडेनं धरून वाळवा. बोटाचा तेलकट ठसा जिथं लागेल तिथं काचेचा प्रभार वेगळा होतो, आणि आपण तर काचेचाच प्रभाव मोजणार आहोत.

स्लाइडवर चिकटपट्टीच्या दोन अरुंद पट्ट्या समांतर लावा, मध्ये साधारण १५ मिमी जागा सोडून, आणि वर कव्हरस्लिप दाबून बसवा. दोन बाजू पट्टीनं बंद, दोन टोकं उघडी, आणि मध्ये सुमारे ०.१ मिमी उंचीचा चॅनेल. पट्टीची खरी जाडी कळायला हवी असेल तर दहा थर एकावर एक चिकटवून मायक्रोमीटर नावाच्या जाडी मोजायच्या उपकरणानं (स्क्रू गेजनं) मोजा आणि दहानं भागा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नोकरीला असलेलं कुणीतरी प्रत्येक गल्लीत सापडतं, त्यांच्याकडे चांगला मायक्रोमीटर असतो.

एका टोकाला मातीच्या पाण्याचा थेंब ठेवला की ते आपोआप आत ओढलं जातं. बुडबुडा अडकला तर ती स्लाइड बाजूला ठेवून दुसरी करा. आतला बुडबुडा स्प्रिंगसारखा दबतो, फुगतो आणि सगळा प्रवाह बिघडवतो.

आता चायना ग्रास. त्याच मिठाच्या पाण्यात १०० मिलीला २ ग्रॅम या प्रमाणात ते उकळून पूर्ण विरघळवा. कोमट झालं पण अजून वाहतं आहे अशा वेळी दोन्ही उघड्या टोकांवर एकेक मोठा थेंब सोडा. गोठायला लागलं की त्यात शिशाचा एकेक तुकडा कव्हरस्लिपच्या कडेजवळ रोवा. चायना ग्रास म्हणजे अगर. गोठल्यावर त्यातून वीज जाते पण पाणी वाहत नाही. यामुळे तीन कामं होतात: चॅनेल दोन्ही टोकांनी बंद होतो, शिशाजवळचे बुडबुडे आत शिरत नाहीत, आणि टोकांशी तयार होणारं आम्ल आणि अल्कली काही काळ लांब राहतात.

हे टोक बंद करण्याचं काम लोक टाळतात, आणि तिथंच बहुतेकांचे आकडे वाया जातात. दोन्ही टोकांना नुसते पाण्याचे थेंब ठेवले तर लहान थेंबातला दाब मोठ्या थेंबापेक्षा जास्त असतो आणि बॅटरी न लावताच पाणी वाहू लागतं. विद्यार्थी असताना एका प्रयोगशाळेत मी अशाच उघड्या पेटीत, काचेलगतचे कण बघून, मातीचा प्रभार धन म्हणून लिहून दिला होता. कुणी फोकस वरखाली करून दुसऱ्या थरात बघ असं म्हटलं नाही. ती वही अजून माझ्याकडे आहे.

बघणं

आधी १० पटीच्या भिंगानं कण शोधा, मग ४० वर जा. पाऊण मायक्रोमीटरचे कण उजेडात पुसट दिसतात. कंडेन्सरखाली (स्लाइडखालचं उजेड एकवटणारं भिंग), फिल्टर ठेवायच्या जागी, काळ्या कागदाची गोल चकती मधोमध ठेवली तर पार्श्वभूमी काळी होते आणि कण चांदण्यांसारखे चमकतात. चकतीचं माप तुमच्या कंडेन्सरप्रमाणे करून बघत ठरवा.

बॅटरी जोडण्याआधी एक मिनिट नुसतं बघा. कण जागच्या जागी थरथरतील, ती ब्राउनी गती. पण सगळे मिळून एका दिशेला जात असतील तर कुठंतरी गळती आहे. ती पेटी टाका.

मग खालची काच शोधा. तिच्यावर काही कण कायमचे चिकटलेले असतात. ते स्पष्ट दिसले की चाकाचं वाचन टिपा. चाक वर नेत कव्हरस्लिपच्या आतल्या बाजूला चिकटलेले कण शोधा, तेही वाचन टिपा. या दोहोंमधलं अंतर म्हणजे शंभर टक्के उंची. पाण्यामुळे चाकाचं अंतर खऱ्या उंचीपेक्षा कमी भरतं, पण आपण टक्केवारीच वापरणार आहोत, त्यामुळे त्याची चिंता नको.

आता तिन्ही बॅटऱ्या एकापाठोपाठ जोडा. मल्टिमीटरवर प्रवाह २० मायक्रोअँपियरच्या आसपास दिसायला हवा. दर १० सेकंदांनी स्विचनं दिशा बदला. एवढासा प्रवाहही सतत एकाच दिशेनं ठेवला तर धन टोकाच्या थेंबात मिनिटभरात पीएच ४ च्या खाली जाऊ शकतो, आणि ते आम्ल सावकाश आत येतं.

खालच्या काचेपासून सुरुवात करून चाक थोडं थोडं वर न्या. काचेलगत कण ऋण टोकाकडे. थोडं वर मंद. आणखी वर एका जागी थबकल्यासारखे. मग उलटे. मध्यावर धन टोकाकडे सर्वात वेगानं. तिथून वर जाताना पुन्हा तोच क्रम उलट. असं का? चॅनेल बंद आहे. दोन्ही काचांलगतचं पाणी ऋण टोकाकडे जातं, त्याला पुढे वाट नाही, म्हणून ते मधल्या भागातून परत येतं. मध्यावर परतीचा वेग काचेलगतच्या वेगाच्या बरोबर निम्मा असतो. काचेलगत पाणी कणाला एकीकडे नेतं, मध्ये दुसरीकडे.

मोजणं

मग कणाचा स्वतःचा वेग कुठं दिसेल? जिथं पाणी थांबलेलं आहे तिथं. दोन सपाट काचांमध्ये असे दोन थर असतात: खालून २१ टक्के उंचीवर आणि ७९ टक्के उंचीवर. ०.१ मिमीच्या चॅनेलमध्ये हे खालच्या काचेपासून २१ आणि ७९ मायक्रोमीटर.

दोन्ही थरांवर मोजा आणि सरासरी काढा. एकाच थरावर विसंबू नका, कारण पाच मायक्रोमीटरची चूक झाली तर पाण्याचा बराच वेग त्यात मिसळतो. दोन्ही थरांत चाक एकाच बाजूला सारखं चुकलं तर सरासरीत ती चूक कापली जाते. स्लाइड आणि कव्हरस्लिप वेगवेगळ्या काचेच्या असतात, दोघींचा प्रभार सारखा नसतो, तरीही ही सरासरी बरोबरच येते. गणिताची आवड असलेल्यांना सांगतो, हे दोन थर म्हणजे गाउस यांच्या दोन बिंदूंच्या क्षेत्रफळ-नियमातलेच बिंदू आहेत. चॅनेलमधल्या पाण्याचा एकूण प्रवाह शून्य असतो हे त्या नियमानं नेमकं पकडलं जातं. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी रात्री उठून कागदावर पुन्हा करून बघितलं होतं.

अंतरासाठी पारदर्शक पट्टी ४ पटीच्या भिंगाखाली ठेवून दृश्यवर्तुळाचा व्यास मोजा. ४.५ मिमी आला तर ४० पटीला तो ०.४५ मिमी, म्हणजे ४५० मायक्रोमीटर. फोन आयपीसवर धरून चित्रीकरण करा. ट्रॅकर नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकेक कणाचा माग काढता येतो. प्रत्येक थरावर निदान दहा कण घ्या, दोन्ही दिशांचे वेग घ्या, चिकटलेले आणि गुठळ्या झालेले सोडा.

हिशेब एका उदाहरणानं करू. बॅटऱ्यांचे मिळून २७ व्होल्ट. टोकांशी रासायनिक क्रियेत साधारण २ व्होल्ट जातात, उरले २५. अगरचे थेंब चॅनेलपेक्षा खूप जाड असल्यानं उरलेला जवळजवळ सगळा उतार २२ मिमीच्या चॅनेलवरच पडतो. म्हणजे क्षेत्र सेंटिमीटरला ११.४ व्होल्ट. दोन थरांवर कण सरासरी २५ मायक्रोमीटर प्रति सेकंद या वेगानं धन टोकाकडे गेले असं धरा. २५ भागिले ११.४ म्हणजे २.२, गुणिले १२.८ म्हणजे २८. कणाचं झीटा विभव उणे २८ मिलिव्होल्ट.

आता काच. मध्यावर कण ५० नं गेले. त्यातला कणाचा वाटा २५, उरलेले २५ परतणाऱ्या पाण्याचे. काचेलगत पाणी याच्या दुप्पट, ५० नं, ऋण टोकाकडे. त्याच हिशेबानं काचेचं झीटा विभव उणे ५६ मिलिव्होल्ट. पडताळा घ्या: अगदी काचेलगतचा कण २५ वजा ५०, म्हणजे २५ नं ऋण टोकाकडे गेला पाहिजे. भाच्याला दिसले ते हेच. काच कणापेक्षा जास्त ऋण होती, एवढाच त्याचा अर्थ.

प्रयोगशाळेतली काही यंत्रं दिशा फार भराभर बदलून काचेचा प्रभाव टाळतात, तसं करता येईल का, असं कुणी विचारेल. त्यांची पेटी काही मिलिमीटर रुंद असते. काचेलगतची हालचाल मध्यापर्यंत पोचायला तिथं काही सेकंद लागतात, तेवढ्यात त्यांचं मोजमाप होऊन जातं. आपल्या ०.१ मिमीच्या चॅनेलमध्ये ती काही मिलिसेकंदांत पोचते. आपल्याला थर बदलूनच बघावं लागतं.

तुरटी, मीठ, व्हिनेगर

मलप्रभा आमच्याच तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि पावसाळ्यात लाल होऊन वाहते. असं पाणी घरी आलं की घागरीत तुरटी फिरवायची ही रीत सगळ्यांना माहीत आहे. तुरटीतल्या ॲल्युमिनियमपासून पाण्यात जे धन प्रभाराचे घटक तयार होतात, ते मातीच्या कणांवर बसतात. कणांचं झीटा विभव शून्याकडे येतं, एकमेकांना दूर ठेवणारा जोर जातो, गुठळ्या होतात आणि गाळ खाली बसतो. हे आता मोजता येईल. लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात १ ग्रॅम तुरटी विरघळवा. मातीच्या पाण्याच्या छोट्या बाटल्यांत तिचे १, २, ४, ८ थेंब घालून प्रत्येकाची वेगळी पेटी करा. वेग घटत जाईल, आणि ज्या बाटलीत तो शून्याजवळ येईल तीच बाटली टेबलावर सगळ्यात आधी निवळलेली दिसेल. तुरटी गरजेपेक्षा खूप जास्त झाली तर प्रभार उलटतो, कण पुन्हा एकमेकांना दूर सारतात आणि पाणी गढूळच राहू शकतं.

इथं एक सावधगिरी फार महत्त्वाची. तुरटी काचेवरही बसते. काचेचा प्रभार घटला किंवा उलटला की पाण्याची दिशाही बदलते. फक्त काचेलगत बघून कण उलटले की नाही हे सांगताच येणार नाही. दोन थरांची सरासरी इथं सोडायची नाही, आणि प्रत्येक मापाला नवी, धुतलेली पेटी.

मीठ दहा पट वाढवलं तर धुकं आक्रसतं आणि वेग थोडा घटतो. शंभर पट केलं तर कण गुठळ्या धरतात, प्रवाह मिलिअँपियरमध्ये जातो, पाणी तापतं आणि तापलेलं पाणी स्वतःच फिरायला लागतं. तिथं मोजू नका. व्हिनेगरच्या थेंबांनी पीएच उतरवला तर काच आणि माती दोघांचाही ऋण प्रभार कमी होतो.

आमच्याकडच्या औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्यांना हे सगळं दुसऱ्या रूपात ओळखीचं असेल. गाड्यांच्या भागांना सीईडी कोटिंग, म्हणजे विजेच्या मदतीनं रंगाचा थर, करतात तेव्हा भाग ऋण टोकाला जोडून टाकीत बुडवतात. पाण्यात तरंगणारे रंगाचे धन प्रभारित कण त्यावर जाऊन साधारण २० मायक्रोमीटरचा थर करतात. जिथं थर बसला तिथं वीज अडते, मग कण उरलेल्या उघड्या जागी, आतल्या कोपऱ्यांतसुद्धा, पोचतात. ब्रशनं जिथं जाता येत नाही तिथं रंग पोचतो तो यामुळे.

मातीनंतर दूध

मातीचा प्रयोग जमला की दुधाचा करा. कच्च्या दुधाचा एक थेंब ५० मिली मिठाच्या पाण्यात. स्निग्धाचे गोळे काही मायक्रोमीटरचे, गोल आणि चकचकीत असतात, मातीपेक्षा कितीतरी सोपे दिसतात. त्यांचाही प्रभार ऋण. पण माती खाली बसते आणि हे वर येतात, म्हणून काही मिनिटांत बरेचसे कव्हरस्लिपला लागून गोळा होतात. भरल्या भरल्या मोजावं लागतं.

भाच्यानं हे गेल्या रविवारी केलं. मी स्वयंपाकघरात चायना ग्रास उकळत होतो. बाहेर आलो तर त्यानं वहीत तीन रकाने आखले होते, खालची काच, मध्य, वरची काच, आणि बॅटरी जोडायच्या आधीच प्रत्येक रकान्यात कण कुणीकडे जाईल त्याचा बाण काढून ठेवला होता. दोन बाण बरोबर आले. वरच्या काचेचा चुकला. ती कव्हरस्लिप त्यानं धुतलीच नव्हती, सरळ डबीतून काढून लावली होती. मग दुसरी धुऊन घेतली आणि आम्ही नवी पेटी बांधायला बसलो.